सरकारी खिडकीवर बिटकॉइन आणि आपलं घरचं माप



गेल्या काही महिन्यांत तीन जणींनी मला एकच प्रश्न विचारला. "काकू, तुम्ही बी.कॉम. ना? मग सांगा, सरकारी कचेऱ्यांत आता बिटकॉइन चालणार म्हणतात, ते खरं का?" तिघींकडे सारखाच व्हिडिओ आलेला. कुणी सुटाबुटातला परदेशी नेता बोलतोय, खाली मराठी अक्षरं पळताहेत, आणि शेवटी सल्ला: सरकारच घ्यायला लागलं की भाव चढणार, म्हणून आजच घेऊन ठेवा.

माझी पदवी चाळीस वर्षांपूर्वीची. तेव्हा आम्ही खतावणी हाताने लिहायचो आणि ताळेबंदात चार आण्यांचा फरक राहिला तरी पुन्हा पहिल्या पानापासून बेरीज करायचो. पण जमा आणि नावे या दोन बाजू तेव्हा होत्या त्याच आजही आहेत. म्हणून भाच्याला जवळ बसवून नीट माहिती काढली आणि तिघींना वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहायचं ठरवलं. लेख जरा लांबला आहे. दुपारची कामं आवरून वाचा.

आधी व्हिडिओतली खरी गोष्ट. अमेरिकेच्या संसदेची वॉशिंग्टनमधली इमारत म्हणजे कॅपिटॉल. टेक्सास राज्याचे सिनेटर टेड क्रूझ (सिनेटर म्हणजे साधारण आपल्या राज्यसभेच्या खासदारासारखे) यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२३ मध्ये एक ठराव मांडला. संसदेच्या इमारतीतली उपाहारगृहं, खाण्याच्या वस्तूंची यंत्रं आणि भेटवस्तूंची दुकानं चालवायला देताना, जे चालक क्रिप्टो घ्यायला तयार असतील त्यांच्याशी करार व्हावा, असा त्याचा अर्थ. म्हणजे खासदाराने कॉफी घेतली, पाहुण्याने आठवण म्हणून एखादा कप घेतला, तर पैसे बिटकॉइनने देता यावेत. ठराव समितीकडे गेला आणि तिथेच राहिला. मंजूर झाला नाही. व्हिडिओत ही शेवटची ओळ नाही, बाकी सगळं आहे.

क्रिप्टो म्हणजे नेमकं काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बिटकॉइन २००९ पासून आहे. ते हातात धरायचं नाणं नाही, संगणकांच्या जाळ्यावरची नोंद आहे. हजारो ठिकाणी एकसारखी लिहिलेली एक खतावणी आहे असं समजा. तिला ब्लॉकचेन म्हणतात. एकदा नोंद पक्की झाली की ती खोडता येत नाही. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या वर कधीच होणार नाहीत, असा नियम त्यात आधीच घालून ठेवलाय. त्याच्यामागे कुठलं सरकार नाही, रिझर्व्ह बँक नाही. घेणारा जो भाव देईल तोच त्याचा भाव.

खतावणीची ही कल्पना मला आवडली, हे आधीच सांगते. खाडाखोड न होणारी वही कुठल्या हिशोबनिसाला नको असेल? आपल्याच राज्यात २०२२ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली भागातल्या जातीच्या दाखल्यांच्या नोंदी ब्लॉकचेनवर ठेवण्याचं काम हाती घेतलं गेलं. दाखला खरा की बनावट हे लगेच कळावं म्हणून. वही म्हणून हे तंत्र उपयोगी आहे. प्रश्न आहे तो त्या वहीतल्या नाण्याने दुकानात आणि कचेरीत व्यवहार करायचा का, हा.

आता क्रूझसाहेबांच्या उपाहारगृहाचा हिशोब मांडू. नोव्हेंबर २०२१ मध्ये, पहिला ठराव आला तेव्हा, एका बिटकॉइनचा भाव ६९ हजार डॉलरच्या घरात जाऊन आला होता. बरोबर एका वर्षाने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, तो १६ हजारांच्या आसपास उतरला. समजा उपाहारगृहवाल्याने त्या चढ्या भावात १० डॉलरचं सँडविच विकलं आणि मिळालेलं बिटकॉइन तसंच ठेवलं. वर्षभराने त्याच्या गल्ल्यात त्याचे सव्वादोन-अडीच डॉलर उरले. पाव, भाजी, नोकराचा पगार मात्र त्याने डॉलरनेच चुकता केला होता.

उलटही पाहा. दुसरा ठराव आला त्या जानेवारी २०२३ मध्ये भाव २३ हजारांच्या आसपास होता, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो सव्वा लाखापर्यंत चढला. म्हणजे त्या जानेवारीत ज्याने १० डॉलरचं सँडविच बिटकॉइन देऊन खाल्लं, त्याने ऑक्टोबरच्या भावाने पन्नासच्या वर डॉलर दिले! २२ मे २०१० रोजी अमेरिकेत एकाने १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा घेतले होते, ही गोष्ट तर क्रिप्टोवाले स्वतःच हसत हसत सांगतात. आजच्या भावाने तो पिझ्झा किती कोटींना पडला, ते मुलांना गणित म्हणून घाला.

भाव उतरला तर विकणारा रडतो, चढला तर घेणारा. दोघंही समाधानाने घरी जातील असा दिवस त्यात फार कमी. ज्याला भाव चढेल अशी खात्री वाटते तो ते खर्च करणार नाही, जपून ठेवणार. आणि ज्याला खात्री वाटत नाही तो ते घेणारच नाही. मग रोजच्या चहाला आणि घरपट्टीला ते वापरणार कोण?

बरं, त्यात कर आहे. आपल्याकडे १ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात याला 'आभासी डिजिटल मालमत्ता' असं नाव मिळालं. त्यावरच्या नफ्याला सरळ ३० टक्के कर, वर उपकर. एकात तोटा झाला तर तो दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून ठराविक रकमेच्या वरच्या व्यवहारावर १ टक्का टीडीएस. लक्षात घ्या, कायद्याने ही मालमत्ता ठरली, चलन नाही. त्यामुळे ती देऊन दुसरं काही घेणं म्हणजे ती विकणंच. अमेरिकेतही त्यांच्या कर खात्याने २०१४ मध्येच हेच सांगितलं होतं. म्हणजे कॅपिटॉलमध्ये कॉफी घेणाऱ्या खासदाराने ते बिटकॉइन केव्हा, कितीला घेतलं आणि आज कॉफीच्या क्षणी त्याचा भाव काय, हे वहीत मांडून त्यातला नफा विवरणपत्रात दाखवायचा.

आपल्या इथलं उदाहरण घेऊ. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन काढायला १५ रुपये लागतात. गव्हाणसारख्या गावात सातबारा ही काय चीज आहे ते मी सांगायला नको. सिडको आली, बंदर आलं, अटल सेतू आला, विमानतळ आला, प्रत्येक वेळी घराघरातून आधी सातबारेच बाहेर निघाले. त्या १५ रुपयांसाठी खरेदीची तारीख, खरेदीचा भाव, आजचा भाव आणि नफ्यावरचा कर मांडत बसायचं? रुपयात पंधरा दिले की विषय संपतो.

"पण काही देशांत सरकार घेतंच की," असं भाचा म्हणाला. घेतं, आणि कसं घेतं ते पाहण्यासारखं आहे.

स्वित्झर्लंडमधल्या झुग शहराने २०१६ मध्ये नगरपालिकेच्या खिडकीवर २०० फ्रँकपर्यंतची फी बिटकॉइनने भरायची सोय केली. पुढे तिथल्या प्रांताने करही घ्यायला सुरुवात केली. पण मधे एक कंपनी असते. ती बिटकॉइन घेते आणि सरकारला फ्रँक देते. सरकारच्या तिजोरीत पडतो तो फ्रँकच. अमेरिकेतल्या ओहायो राज्याने २०१८ मध्ये वाजतगाजत जाहीर केलं की व्यापाऱ्यांनी कर बिटकॉइनने भरावा. वर्षभरात दहा व्यापारीसुद्धा आले नाहीत आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ती खिडकी बंद झाली.

सगळ्यात मोठा प्रयोग मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या छोट्या देशाचा. ७ सप्टेंबर २०२१ पासून तिथे बिटकॉइन अधिकृत चलन झालं. राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांनी सरकारी ॲप काढलं आणि ते घेणाऱ्या प्रत्येक नागरिकाला ३० डॉलरचं बिटकॉइन भेट दिलं. लोकांनी ॲप घेतलं, बहुतेकांनी ते ३० डॉलर खर्च केले आणि ॲप पुन्हा उघडलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलला. आता दुकानदारावर ते घ्यायची सक्ती नाही आणि सरकारी करही त्यात भरता येत नाही.

या सगळ्यात मला एकच गोष्ट दिसली. सरकार खिडकीवर क्रिप्टो घेतो म्हणतं तेव्हाही हिशोब आपल्या चलनातच ठेवतं. कारण त्याला शिक्षकांचे पगार, दवाखान्याची औषधं, रस्त्याची खडी याच चलनात द्यायची असते. नेत्याचा फोटो छान येतो, पण भाव पडण्याची जोखीम तिजोरी घेत नाही. मग ती आपण डब्यातल्या पैशांवर का घ्यायची?

नवीन पद्धतीला माझा विरोध आहे असं समजू नका. आपल्याकडेही नेत्यांनी नवीन पैशाची उद्घाटनं केली आहेत. ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आपण बायका कशा विसरू? तांदळाच्या डब्यातले, साडीच्या घडीतले, कुलदेवीच्या फोटोमागचे पैसे घरातल्या पुरुषांसमोर काढावे लागले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १ डिसेंबर २०१६ रोजी, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या हस्ते जाहीर झालं. दुकानादुकानांत कार्ड घासायची यंत्रं आली. पुढे नेटवर्क नाही, खर्च परवडत नाही अशा कारणांनी तिथे रोकड परतल्याच्या बातम्याही वाचल्या. गाव काही नेत्याच्या भाषणाने बदलत नाही. सोय पटली तर आपोआप बदलतं.

सोय पटली ती पुढे, यूपीआयने. आज आमच्याकडची भाजीवाली स्कॅनरचा कागद टोपलीला अडकवून बसते आणि पैसे आले की तिचा छोटा डबा बोलतो. तिला अक्षरओळख बेताची, पण डबा किती बोलला ते बरोबर कळतं. कारण तो जे बोलतो ते रुपयात बोलतो. चाळीस म्हणजे चाळीस. ते चाळीस रात्रीपर्यंत तीसही होत नाहीत आणि पन्नासही होत नाहीत.

आणि ज्यांना खरोखर 'डिजिटल नाणं' हवंय त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने ई-रुपया काढला आहे. सर्वसामान्यांसाठी तो प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला १ डिसेंबर २०२२ रोजी, आणि पहिल्या चार शहरांत आपली मुंबई होती. जानेवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या बैठकीनंतर उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी जवळच्याच एका फळवाल्याकडून ई-रुपया देऊन डाळिंबं घेतली. तिकडे वॉशिंग्टनला क्रूझ यांनी दुसरा ठराव मांडला तोही याच महिन्यात. एकीकडे खासदारांच्या उपाहारगृहासाठी बिटकॉइन, दुसरीकडे मुंबईच्या फुटपाथवर रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया. दोन्ही फोनमध्येच. फरक एवढाच की फळवाल्याला मिळालेला एक ई-रुपया दुसऱ्या दिवशीही एक रुपयाच होता, आणि त्यामागे रिझर्व्ह बँक उभी होती.

आता आपल्या घरातल्या भाषेत बोलते. स्वाध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आपण म्हणतो. स्तेनप्रयोग, तदाहृतादान, विरुद्धराज्यातिक्रम, हीनाधिकमानोन्मान, प्रतिरूपक व्यवहार. यातला चौथा आपल्या व्यापारी घरांना लहानपणापासून पाठ. मान म्हणजे शेर-पायलीसारखं माप, उन्मान म्हणजे तराजूचं वजन. देताना लहान मापाने द्यायचं आणि घेताना मोठ्या मापाने घ्यायचं, हा दोष. माझे सासरे दुकानात वजनं दर शनिवारी धुऊन पुसून ठेवायचे. वजनाला चिकटलेला गूळही गिऱ्हाइकाच्या बाजूने किंवा आपल्या बाजूने बोलतो, म्हणायचे.

पैसा हेही एक मापच आहे ना? तांदूळ किलोने मोजतो, तसं कष्ट आणि वस्तू रुपयाने मोजतो. मग जे माप सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं, त्याने व्यवहार केला तर कुणाच्या तरी पदरात कमी पडणारच. बिटकॉइन बाळगणारा चोर आहे, असं मी मुळीच म्हणत नाही. अतिचारात मनातला हेतू असतो आणि इथे भाव वर-खाली करणारा हात देणाऱ्याचा नसतो. पण व्रताने जी काळजी शिकवली ती इथे लागू पडते. माप दोघांसाठी सारखं आणि दोघांना ठाऊक असलेलं हवं. कुणी म्हणेल, रुपयाही झिजतो. झिजतो खरा, महागाई कुणाला कळत नाही? पण तो हळूहळू झिजतो, सगळ्यांचा सारखा झिजतो, आणि चहा पिऊन होईपर्यंत बदलत नाही.

पर्वात आपण पूजेची बोली घेतो (माझ्या माहेरी तिला सवाल म्हणतात). भाद्रपदात एकवीस हजार बोलायचे आणि सवडीने, दिवाळीपर्यंत द्यायचे. आता मंदिराचं दान फोनवरून घ्यायला स्कॅनर लागला, ते उत्तम झालं. पण समजा कुणी हौसेने बोली बिटकॉइनमध्ये लावली. बोलला तेव्हाचा भाव धरायचा की भरेल तेव्हाचा? भाव निम्म्यावर आला तर उरलेलं कोण भरणार? दुप्पट झाला तर जादाचं परत मागायचं? धर्मादाय आयुक्तांकडे जाणाऱ्या हिशोबात विश्वस्तांनी काय लिहायचं? जो शब्द भगवंतासमोर दिला त्याची रक्कमच पक्की नसेल, तर तो शब्द पाळला की मोडला हे कसं ठरवायचं?

परिग्रह-परिमाणाचंही तेच. क्षेत्र-वास्तु, हिरण्य-सुवर्ण, धन-धान्य असं एकेक मोजून आपण मर्यादा घालतो. तिथे मोजणं म्हणजेच व्रत. ज्या वस्तूची आठवण आली की दिवसातून दहा वेळा फोन उघडून भाव बघावा लागतो, ती आपण मोजतोय की ती आपल्याला नाचवतेय, हे ज्याचं त्याने मनाला विचारावं. आणखी एक. बिटकॉइनची नोंद पक्की करायला जगभर जी यंत्रं रात्रंदिवस चालतात ती अफाट वीज खातात. इथेरियम नावाच्या दुसऱ्या नाण्याने सप्टेंबर २०२२ मध्ये पद्धत बदलून आपली वीज ९९ टक्क्यांहून जास्त कमी केली. बिटकॉइनची पद्धत मात्र तीच आहे. आपण पंखासुद्धा विनाकारण चालू ठेवत नाही. तेव्हा हाही विचार जरूर करा.

हे सगळं लिहायची घाई का केली, ते आता सांगते. आमच्या शेजारच्या वहिनी इथल्याच, शेतकरी घरातल्या. यजमान गेल्यावर साडेबारा टक्क्यांतल्या भूखंडातला त्यांचा वाटा विकला गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नावावर मोठी रक्कम आली. त्यांच्या धाकट्याच्या फोनवर तोच व्हिडिओ आला. खाली दुवा होता, दुव्यात ॲप होतं, ॲपमध्ये गोड बोलणारी एक 'मॅडम' होती. आधी ४० हजार भरले. तीन आठवड्यांत स्क्रीनवर १ लाख १२ हजार दिसायला लागले. मुलगा म्हणाला, आई, आता चार लाख टाकू, पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीतसुद्धा हेच चालणार आहे.

वहिनी माझ्याकडे आल्या त्या पैसे टाकायच्या आदल्या दिवशी. मी बिटकॉइनबद्दल अक्षरही बोलले नाही. एवढंच म्हटलं, "स्क्रीनवरच्या १ लाख १२ हजारांतले दहा हजार आज काढून दाखवा." ॲपने सांगितलं, काढण्याआधी १८ हजार रुपये 'कर' भरा. तेव्हा त्या माउलीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. कर असा कुणा खासगी ॲपला भरायचा नसतो, तो सरकारला भरायचा असतो. त्याच संध्याकाळी आम्ही १९३० या सायबर मदतक्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवली. चार लाख वाचले. ४० हजार अजून मिळालेले नाहीत. मुलगा अजून आईच्या नजरेला नजर देत नाही, याचं मला त्या पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

त्या ॲपमध्ये बिटकॉइन नव्हतंच, नुसते आकडे होते. पण वहिनींचा विश्वास बसला कशावर? "एवढा मोठा नेता सांगतोय, सरकारच घेणार आहे," यावर. नेत्याने संसदेच्या उपाहारगृहापुरता मांडलेला ठराव सात समुद्र ओलांडून आमच्या गल्लीत आला, तो हमीपत्र होऊन. मोठ्या खुर्चीतला माणूस एखादं नाणं मिरवतो तेव्हा त्याच्या खुर्चीचं वजन त्या नाण्याला लागतं. आणि ते उचलतात ते आपल्यासारखे लोक.

मुलगा वादात एक मुद्दा मात्र बरोबर बोलला होता. "मावशी, बँकाही बुडतातच ना?" पनवेलकरांना हे कुणी शिकवायला नको. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने पनवेलच्याच कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. ज्यांच्या ठेवी तिथे होत्या त्यांचे हाल इथे सगळ्यांनी पाहिलेत. पण तिथे पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं कायदेशीर संरक्षण होतं आणि दाद मागायला दार होतं. उलट जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या मोठ्या भारतीय क्रिप्टो बाजारावर दरोडा पडला, २० कोटी डॉलरहून जास्त मूल्याची नाणी गेली आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून राहिले. तिथे ठेव-विमा नव्हता. पुण्यात बिटकॉइन फसवणुकीचे गुन्हे २०१८ मध्ये दाखल झाले, तेव्हा पोलिसांनी तांत्रिक मदतीला दोन जाणकार घेतले. मार्च २०२२ मध्ये त्या दोघांनाच, तपासातली नाणी परस्पर वळवल्याच्या आरोपावरून, अटक झाली. त्यातले एक माजी पोलीस अधिकारी. जाणकारांचीच ही गत, तर आपण फोनमधल्या मॅडमवर विसंबून कुठे जाणार?

माझा भाचा बिटकॉइन बाळगतो. स्वतःच्या पगारातलं, बुडालं तरी घर चालेल एवढंच, कर भरून. त्याला मी अडवत नाही, तो प्रौढ आहे. पण डब्यातले पैसे, स्त्रीधन, मुलीच्या लग्नाचे, जमिनीचे, मंदिराचे पैसे, हे वेगळे. त्यांच्याबाबत मी माझ्यासाठी तीन प्रश्न ठरवलेत, तेच तुम्हाला देते.

पहिला, हे आज अर्ध्या तासात रुपयांत करून माझ्या बँक खात्यात येतं का? येऊ दे, मग पुढे बोलू.

दुसरा, हे बुडालं तर मी कुणाच्या दारात जाऊन उभी राहायची? दाराचा पत्ता सांगता आला पाहिजे. ॲपचं नाव म्हणजे पत्ता नव्हे.

तिसरा, जो नेता हे चांगलं म्हणतोय त्याच्या सरकारचा हिशोब कुठल्या पैशात आहे? त्याचं स्वतःचं मानधन कुठल्या पैशात मिळतं?

तिसऱ्या प्रश्नावर घरात हशा पिकतो, पण उत्तर तिथेच आहे. क्रूझसाहेबांना मानधन डॉलरमध्ये मिळतं. आपल्या तलाठ्याला पगार रुपयात मिळतो. सातबाऱ्याचे १५, घरपट्टी, वीजबिल, अटल सेतूचा टोल, सगळं रुपयात. उद्या एखाद्या मंत्र्याने मंत्रालयाच्या कँटीनमध्ये क्रिप्टोने वडापाव घेऊन दाखवला तर आपण कौतुकाने बघू. आणि मग वडापाववाल्याला संध्याकाळी विचारू, बाबा, बेसन कशाने आणलंस?

मुलं चिडली तर वाद घालू नका. त्यांना वही-पेन घेऊन शेजारी बसवा आणि सँडविचचा हिशोब त्यांच्याच हाताने मांडून घ्या. माझ्या भाच्यावर तो उपाय चालला. आणि १९३० हा नंबर फ्रीजवर लावून ठेवा, सासूबाईंना दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरात. फसवणूक लक्षात आल्यावर पहिल्या काही तासांतच फोन गेला तर पैसे थांबवायची शक्यता जास्त असते. लाज वाटून दोन दिवस गप्प राहिलं की ते निघून जातात.

पुढच्या वेळी चातुर्मासातल्या साठवणीबद्दल लिहीन, खूप जणींनी विचारलंय.

जय जिनेंद्र.